चतुर्थीनंतरचा वायदा आणि चाळीस हजारांची पावती

डिचोलीत माझा चिऱ्यांचा लहानसा व्यवसाय आहे. पावसाळ्यापूर्वी म्हापशाकडच्या एका बांधकाम व्यावसायिकाला मी दोन लाख चाळीस हजार रुपयांचे चिरे पुरवले आणि त्यापोटी त्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यातील तारखेचा चेक दिला. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्यानिशी तो परत आला, तेव्हा हा गृहस्थ स्वतः माझ्या घरी आला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "भाऊ, नोटीस कशाला? चतुर्थी होऊ दे, सगळे चुकते करतो." जाताना त्याने चाळीस हजार रुपये रोख दिले आणि त्याची पोचपावती मात्र माझ्या सहीनिशी, तारखेसह, आग्रहाने घेतली. मला तो त्याचा व्यवहारातला चोखपणा वाटला.

चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ते दिवस मोदक आणि माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) गडबडीत निघून गेले. वकिलांनी धीर दिला की चेकची तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत तो पुन्हा भरता येतो आणि पुन्हा परत आल्यास नोटिशीसाठी नवे ३० दिवस मिळतात. त्याप्रमाणे सप्टेंबरअखेर मी चेक भरला, तो परत आला, दोन लाख चाळीस हजारांची नोटीस गेली, ती मिळाल्यापासूनचे १५ दिवस उलटले आणि पुढच्या महिन्याच्या आत, माझे खाते इथल्याच शाखेत असल्यामुळे डिचोलीच्याच न्यायालयात, चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल झाली. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, शिवाय चेक कायदेशीर देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय प्रथमतः गृहीत धरते. मी निर्धास्त होतो.

उलटतपासणीत त्याच्या वकिलांनी ती पावती माझ्यापुढे ठेवली. चेकच्या तारखेनंतर आणि तो भरण्यापूर्वी काही रक्कम मिळाली असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे चेकवर तशी नोंद करून उरलेल्या रकमेपुरताच तो भरावा लागतो. नाहीतर चेकवरील रक्कम त्या दिवशीचे खरे देणे ठरत नाही आणि गुन्हाच बनत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय आहे. आरोपी निर्दोष सुटला. चाळीस हजारांचा उल्लेख मी माझ्या वकिलांकडेही केला नव्हता, कारण ते मला "व्याजाचे" वाटले होते. ही चूक माझीच. त्याच्या घरगुती जिव्हाळ्याला भुलून पैसे हाती घेण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात नोटीस पाठवली असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

उरलेल्या दोन लाखांसाठी तीन वर्षांची मुदत संपण्याआधी आता दिवाणी दावा दाखल केला आहे. त्या पावतीवर "चिऱ्यांच्या बिलापोटी" असे त्याच्याच हस्ताक्षरात लिहिलेले असल्यामुळे, या वेळी तिची प्रत मीच दाव्यासोबत जोडली आहे.