दोन सारखे मॉनिटर घ्यायचे का जुना-नवा जोडायचा?

सेवा केंद्र चालवणारे लय जण विचारतात, भाऊ दुसरा स्क्रीन लावायचाय, जुना चौकोनी १९ इंची पडून आहे, तो लावू का दोन नवे सारखे घेऊ? फॉर्म भरायचं काम असेल तर जुनाच लावा राजेहो, फक्त उंची पाहून घ्या.

१२८० बाय १०२४ वाल्या १९ इंचीची काच जवळपास १२ इंच उंच असते अन् नव्या २४ इंची फुल एचडीचीही तेवढीच. एका इंचात पिक्सल (स्क्रीनचे बारीक ठिपके) ८६ अन् ९२, म्हणून अक्षर दोन्हीकडे सारखंच दिसतं. वरून सातबाऱ्याची उभी पीडीएफ चौकोनी स्क्रीनवर मस्त बसते, शेजारी रुंद स्क्रीनवर पीक विम्याचा फॉर्म उघडा अन् गट नंबर, क्षेत्र पाहून पाहून टाका, टॅब बदलायची गरजच नाही. एक आकडा चुकला तर त्या शेतकऱ्याचा क्लेम अडकू शकतो, म्हणून हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते.

पण जुना १८.५ इंची आडवा असेल तर काच ९ च इंच अन् उभे पिक्सलही कमी, मग माउस कोपऱ्यात अडकतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये १ अन् २ चे डबे ओढून खालची किनार जुळवा, त्रास कमी होतो पण पूर्ण जात नाही. अन् २७ इंची फोरकेसोबत (फुल एचडीच्या चौपट पिक्सलवाला) तर जुना लावूच नका, तिथं इंचात १६३ पिक्सल, विंडो इकडून तिकडे नेली की लहान-मोठी होते.

लग्नाचे अल्बम, फ्लेक्स करणाऱ्यांना रंगाचा प्रश्न येतो, स्क्रीनच्या काचेचे प्रकार वेगळे असतात, जुन्या टीएन पॅनलवर शालूचा रंग वेगळा अन् नव्या आयपीएस पॅनलवर वेगळा. तरी रंग एकाच चांगल्या स्क्रीनवर पाहायचे अन् फोल्डर, टूल जुन्यावर ठेवायचे, असं केलं तर भागते.

सारखे दोन नवे घ्यायचं खरं कारण आपल्याकडे लाइन. जुन्यात उजेडासाठी आत ट्यूब असते, ती नव्यातल्या एलईडीपेक्षा जास्त वीज खाते, अन् लोडशेडिंगमध्ये दुकान इन्व्हर्टरवरच चालत असेल तर हा फरक बॅटरीवर दिसतो.

जुन्याला फक्त व्हीजीए (जुनं पिनांचं, बहुतेक निळं सॉकेट) असेल अन् पीसीला एचडीएमआय (नवं चपटं सॉकेट), तर साधी वायर चालत नाही, कन्व्हर्टर लागतो. यवतमाळ असो का सीताबर्डी, दुकानात ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ असंच सांगा, उलटा दिला तर स्क्रीन काळीच राहील.