महाबळेश्वरचा पाऊस की माणदेशाचं ऊन?

मनाला कुठलं हवामान मानवतं? महाबळेश्वर आणि माणदेशातला माण तालुका, दोन्ही सातारा जिल्ह्यातच. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास.

जुलैत महाबळेश्वरी घरांना गवताच्या झडी (पाऊस अडवणारे गवती आडोसे) बांधलेल्या असतात, धुक्यामुळे दिवसाही दिवे लागतात, अंथरुणं दमट. सकाळचा उजेड कमी मिळाला की शरीराचं घड्याळ मागे पडतं, झोप रेंगाळते, मन मलूल होतं. पर्यटकाला हे चार दिवस आवडतं, तिथल्या माणसाला चार महिने काढायचे असतात.

माणमधल्या दहिवडी-म्हसवडकडे लख्ख उजेड, मोकळं माळरान; अंगात हुशारी राहते. पण ढग नुसतेच पुढे सरकले की घराघरात घोर लागतो: पेरणी, चारा, पिण्याचं पाणी. तरी उदास मनाला मी माणचीच सकाळ सुचवेन, परतीचा पाऊस पडून गेल्यावरची.