ऑक्टेव्हिया आरएस : हौसेची गाडी, घ्यावी तर जुनीच

माझ्या चाळीसगावच्या मामेभावाने गेल्या दिवाळीत 2017 सालची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, म्हणजे साध्या ऑक्टेव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती, जुन्या बाजारातून घेतली. तेव्हापासून ती मी जळगाव-धुळे महामार्गावर, भडगाव-पाचोऱ्याच्या रस्त्यावर आणि पहाटेच्या कन्नड घाटात मिळून अंदाजे दोन हजार किलोमीटर चालवली असेल. गाडी उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझा आक्षेप आहे तो ही गाडी ज्या पद्धतीने विकली जाते तिच्यावर.

दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन 230 अश्वशक्ती आणि 350 न्यूटन मीटर टॉर्क देते, आणि शंभराचा वेग ती सात सेकंदांच्या आत गाठते. आकडे बाजूला ठेवले तरी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पुढची चाके ज्या निर्धाराने रस्ता धरतात, त्यातच पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. स्टेअरिंगची खालची कड सपाट आहे आणि त्यावर लाल शिवण आहे. इतकी वर्षे हातांचा घाम लागून ती शिवण आता विटकरी झाली आहे. मागे 590 लिटरची डिकी असल्यामुळे मामींच्या पापडाचे डबे, लोणच्याची बरणी आणि चार माणसांच्या बॅगा घेऊन आम्ही नाशिकला सहज जाऊन आलो. स्पोर्ट्स कार आणि घरगाडी एकाच किमतीत मिळावी, हा या नावाचा मूळ वायदा होता, आणि 2004 साली भारतात आलेल्या 150 अश्वशक्तीच्या पहिल्या आरएसपासून तो पाळला गेला.

खानदेशात तिची अडचण उंचीची आहे. साध्या ऑक्टेव्हियापेक्षा ती खाली बसते आणि टायरची बाजूही पातळ आहे. भडगावजवळच्या एका गतिरोधकावर घासल्याचा आवाज ऐकून पानटपरीवाल्याने हाक मारली, "भाऊ, गाडीनं पोट घसाई ऱ्हायनं!" त्या दिवसापासून आम्ही गावातला गतिरोधक तिरपा ओलांडतो.

आता किमतीकडे येतो. 2017 साली ही गाडी पंचवीस लाखांच्या आत होती आणि पहिल्या तुकडीत 250 गाड्या होत्या. 2020 साली 245 अश्वशक्तीची आरएस पूर्ण आयात होऊन आली, तेव्हा गाड्या 200 आणि किंमत 35.99 लाख. 2025 च्या ऑक्टोबरात 265 अश्वशक्तीची आली, तेव्हा गाड्या फक्त 100 आणि किंमत 49.99 लाख, त्याही सर्व आधीच नोंदल्या गेल्या होत्या. आठ वर्षांत 35 अश्वशक्ती वाढली आणि किंमत दुपटीवर गेली. आयात शुल्काचा वाटा त्यात मोठा आहे, हे मान्य. पण घाटापलीकडे छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ऑक्टेव्हिया जोडणारा कारखाना वर्षानुवर्षे चालला, हे ठाऊक असलेल्या इथल्या माणसाला ते शुल्क जास्तच टोचते. शंभर गाड्या आणायच्या आणि त्या संपल्याची बातमी करायची, यात कंपनीला तोट्याची भीती उरत नाही. मामेभाऊ केळीच्या व्यापारात आहे. त्याच्या मते हा धंदा केळीच्या धंद्याच्या उलट आहे, कारण केळीचा घड भाव येईपर्यंत झाडावर थांबत नाही.

मोजक्या गाड्यांचा हिशेब चुकतो तेव्हा फटका निष्ठावान गिऱ्हाईकालाच बसतो. फोक्सवॅगनने 2016 साली पोलो जीटीआय, म्हणजे छोट्या पोलोची वेगवान आवृत्ती, 99 गाड्यांपुरती आणली आणि पंचवीस लाखांच्या पुढे किंमत ठेवली. पुढच्या वर्षी ती वीस लाखांच्या आत आणली. पहिल्या आठवड्यात धाव घेतलेल्या हौशी माणसाला याहून वाईट बक्षीस काय द्यावे? पोर्शेचे उदाहरण याच्या उलट आहे. 2013 च्या 911 जीटी3 या स्पोर्ट्स कारमधून त्यांनी हाती गिअर (मॅन्युअल) काढला, जुने चाहते नाराज झाले, आणि 2017 च्या जीटी3 मध्ये तो जादा पैसे न घेता परत दिला. तिथेही 2016 ची हाती गिअरची 911 आर फक्त 991 नग काढून आधी चांगली कमाई झाली होतीच. पण निदान ऐकले तरी. ऑक्टेव्हिया आरएसला भारतात हाती गिअर मिळावा, ही मागणी मात्र 2017 पासून कुणी मनावर घेतलेली दिसत नाही.

त्यामुळे माझा कौल जुन्या गाडीला आहे. मात्र सहा गिअरच्या डीएसजीचे (दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे) तेल 60,000 किलोमीटरला बदलावे लागते, त्याची नोंद मागून घ्यावी. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत तो शिक्का होता, पण एका गॅरेजने उघडून पाहिले तेव्हा तेल काळे निघाले आणि पहिल्याच महिन्यात तो खर्च अंगावर आला. गाडी जॅकवर चढवून पोटाखालचे आवरण स्वतः पाहावे. आमच्या गाडीचे आवरण मधोमध चिरलेले आहे आणि दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून ठेवले आहे.