टॉर्टिया गरम आली की बाकी सगळं माफ

विद्यापीठाच्या शहरात खाण्याची जागा तगायची तर ताट पटकन यावं लागतं आणि विद्यार्थ्याच्या खिशाला झेपावं लागतं. मेक्सिकोतलं रस्त्यावरचं खाणं विकणारं आमच्याकडचं हे छोटं रेस्टॉरंट दोन्ही जमवतं. मी मात्र इतके महिने तिथे जाते आहे ती टॉर्टियासाठी, म्हणजे तिथल्या पातळ भाकरीसाठी.

ती मक्याची असते, मैद्याची नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजत ठेवून, धुऊन मग दळतात. चुन्यामुळे साल सुटतं, पीठ चिकटून येतं आणि तो ओळखीचा खमंग वास लागतो. एवढा खटाटोप इथे होत नाही. पीठ तयार आणतो, असं काउंटरवरच्या मुलाने विचारल्यावर सरळ सांगितलं. पण टॉर्टिया डोळ्यांसमोर थापून भाजतात, आणि तव्यावरून थेट ताटलीत आली तर बोलायलाच नको. पाच मिनिटं बोलत बसलात तर ती चिवट होते. टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया, आला की गप्पा थांबवा, मान तिरकी करा आणि खा. फोटोही नकोच.

पाटीवर मोठ्या अक्षरांत असतो तो अल पास्तोर. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांनी शावर्माची पद्धत आणली, तिचं हे मेक्सिकन रूप: डुकराचं मांस, सुक्या मिरच्या आणि अचिओतेच्या (लाल रंग देणाऱ्या बियांच्या) वाटणाचा लेप, वर अननस. खरी गंमत उभ्या फिरत्या सळईवर भाजलेल्या कुरकुरीत कडांची. इथे सळई नाही, मांस तव्यावर परततात. चव बरी, कडा गायब. त्यापेक्षा मेक्सिकोच्या युकातान भागातला कोचिनिता पिबिल मागवा, तोही डुकराच्या मांसाचाच. तो मुळातच मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा पदार्थ, त्यामुळे लहान स्वयंपाकघरातही त्याचं काही बिघडत नाही. आंबट संत्र्याच्या रसातलं मऊ मांस, वर गुलाबी कांदा. माझ्यासाठी इथला सगळ्यात भरवशाचा पदार्थ हाच.

साल्सा तीन. हिरवा टोमॅटियोचा (हिरव्या टोमॅटोसारखं दिसणारं फळ), आंबट आणि सौम्य. चिपोटलेचा, म्हणजे धुरावलेल्या सुक्या हालापेन्यो मिरचीचा, जो मी चमच्याने खाते. तिसरा केशरी, हाबानेरो या जहाल मिरचीचा. तिखटाची सवय आहे म्हणून फुशारकी मारणाऱ्यांनीही हा थेंबाथेंबानेच घ्यावा. पहिल्या घासाला फळासारखा गोड वास येतो आणि मग जीभ पेटते.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट विचारूनच घ्यावी. परतून घोटलेल्या बीन्समध्ये पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी असते. इथे तेल वापरतात, पण तवा एकच असतो. वेगळा मागितला तर देतात, गर्दीत थोडी कुरकुर करून. मशरूमचा टाको चांगला आहे, भोपळी मिरचीचा नुसता पाणचट.

नाचोस टाळा. 1943 मध्ये पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासिओ आनाया यांनी ते पहिल्यांदा केले, तेव्हा तळलेल्या टॉर्टियाच्या प्रत्येक तुकड्यावर वितळलेलं चीज आणि हालापेन्योची चकती, एवढंच होतं. इथे पिवळा सॉस ओततात आणि खालचे तुकडे लगदा होतात. बुरिटोही, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली मोठी टॉर्टिया, इथला भातच जास्त असलेला. पण खोटं कशाला बोला, भुकेल्या विद्यार्थ्याला दोन वेळा पुरेल एवढा असतो आणि सर्वाधिक खपतोही तोच. जामायका, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचं थंड पेय, जरूर घ्या. ओर्चाता, म्हणजे तांदळाचं थंड पेय, फार गोड.

सत्र सुरू होताना नवे कर्मचारी असतात आणि त्याचा फटका ताटलीला बसतो. टॉर्टिया आधीच भाजून रचून ठेवलेल्या, कोमट, एकमेकींना चिकटलेल्या. महिन्याभरात हात बसतो. सुट्टीत शहर रिकामं झालं की मात्र याच जागेचं सर्वोत्तम रूप दिसतं: निवांत तवा, गरम टॉर्टिया, साल्सा नुकताच वाटलेला. परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतरची रांग दाराबाहेर जाते. साडेपाचला गेलात तर टेबलही मिळतं.

घरी मागवू नका. डब्यातल्या वाफेने टाको ओला होऊन फाटतो, आणि अर्धं सारण डब्यातच जमा होतं.