बाळाची कार सीट: मागे मधे की मागे डावीकडे?

पुढची सीट आधीच बाद करा, एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली बेबी सीट पुढे लावायचीच नाही, एअरबॅग उघडली की थेट सीटच्या पाठीवरच आदळते.

मग राहिल्या मागच्या जागा, त्यातही उजवीकडचं दार ट्रॅफिकमधे उघडतं, म्हणून निवड मधली की डावीकडची एवढीच. कागदावर मधली भारी, कारण बाजूने कोणी ठोकलं तर बाळ दोन्ही दारांपासून लांब. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत मधली गादी फुगीर आणि अरुंद, जुन्या गाड्यांत तर तिथे नुसता कमरेचा पट्टा, आणि आयसोफिक्सचे हुक (बेबी सीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायचे) बहुतेक कडेच्याच सीटना असतात. त्यामुळे मधे सीट डुगडुगतच राहते. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवून बघा, इंचभरापेक्षा जास्त सरकली तर ती जागा सोडाच.

डावीकडे हुक खट्‌कन बसतात, आणि आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणजे दार फुटपाथच्या बाजूला उघडतं, ट्रॅफिकमधे उभं राहून बाळाला काढावं लागत नाही (पावसात याची किंमत कळते!). फक्त पुढचा माणूस जरा अवघडून बसतो, कारण त्याची सीट पुढे घ्यावी लागते, बसू दे.

माझं मत डावीकडेच, मधे घट्ट बसत असेल तरच मधे.