फायनलसाठी भाड्यानं आणलेली एलईडी वॉल: पैसे वसूल, पण ठरवताना एवढं बघा

2026 चा फुटबॉल वर्ल्ड कप म्हटल्यावर आसपासच्या मंडळांची पोरं विचारायला लागलीत, तुम्ही मागच्या फायनलला एलईडी वॉल, म्हणजे पॅनेल जोडून केलेला मोठा पडदा, कुठनं आणली, किती घेतले, परवडतं का. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. एलईडीवाल्याचं नाव टाकत नाही. कोल्हापुरात सगळ्यांचा माल थोड्याफार फरकानं सारखाच असतो, तुम्ही काय काय मागून घेता त्यावर सगळं आहे.

18 डिसेंबर 2022, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, आपल्याकडं रात्री साडेआठला किक-ऑफ. बारा बाय आठ फुटांची वॉल, ती उभी करायचा सांगाडा (ट्रस), जनरेटर आणि दिवसभर थांबणारा ऑपरेटर धरून आम्ही 18 हजार मोजले. वर्गणी दोन दिवसांत जमली. ज्या पेठांमध्ये तालमीच्या फुटबॉल मॅचला शाहू स्टेडियम भरतं, तिथं मेस्सीच्या फायनलला पैसे मागावे लागत नाहीत.

प्रोजेक्टर याच्या निम्म्यानं स्वस्त पडतो, पण रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यावर आला की हिरवं मैदान पांढरट दिसतं. वॉलला तो त्रास नाही. आमची वॉल पी-3.9 ची होती, म्हणजे दोन बारीक दिव्यांमधलं अंतर 3.9 मिलीमीटर. पहिली रांग चारेक मीटर मागं ठेवली की चित्र स्वच्छ दिसतं. त्याच्या पुढं सतरंजीवर पोरं बसली की त्यांना नुसते ठिपके. आमची बसलीच, ती कुणाचं ऐकतात!

आता पहिली तक्रार. बारा बाय आठ हा आकार टीव्हीच्या चित्राचा नाही. ऑपरेटरनं संध्याकाळी चित्र ताणून सगळी वॉल भरून टाकली आणि मेस्सी एकदम सहा फुटी दिसायला लागला. वर-खाली काळी पट्टी राहू दे पण माणसं माणसासारखी दाखव, असं दोनदा सांगावं लागलं. नंतर साठाव्या मिनिटाच्या पुढं कधीतरी उजव्या कोपऱ्यातलं एक पॅनेल काळं पडलं. ऑपरेटर मात्र माकडासारखा ट्रसवर चढला, मागची केबल बदलली आणि कॉर्नर घ्यायच्या आत खाली. या कामाचे पूर्ण मार्क.

पण खरी गोष्ट वॉलची नाहीच. आतला सिग्नल कुठनं येतो ते बघा. आमची गल्ली अर्जेंटिनाची, पलीकडच्या गल्लीतली सगळी ब्राझीलवाली. ब्राझील 9 डिसेंबरला क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरलं आणि ही रातोरात फ्रान्सची झाली. त्यांनी पांढरं कापड बांधून, प्रोजेक्टरला मोबाइल जोडून अ‍ॅपवर मॅच लावली होती. आम्ही ऑपरेटरला आधीच बजावलं होतं की सेट-टॉप बॉक्सच पाहिजे. अ‍ॅप डिशच्या मागं अर्धा मिनिट तरी चालत होतं.

पहिल्या हाफमध्ये याची चैन झाली. 23 व्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, 36 व्याला डी मारिया. दोन्ही वेळा त्यांच्या पडद्यावर गोल दिसायच्या आधीच आमचा ओरडा त्यांच्या कानात. बिचाऱ्यांना फक्त कसा झाला एवढंच बघायला उरायचं.

80 व्या मिनिटाला तेच उलटलं. फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी आत गेली आणि आमच्याकडं कुणी हुं का चुं करेना. पलीकडं अजून काहीच नाही. मग अर्धा मिनिटानं तिकडनं जो काही आरडाओरडा उठला! तोच गोल आम्ही दुसऱ्यांदा खाल्ला. त्यातून सावरतोय तोवर दुसरा, पहिल्यानंतर 97 सेकंदांत, आणि परत तीच वाट बघणं: आता ओरडतील, आता ओरडतील. सगळी गल्ली मान खाली घालून त्या ओरड्याची वाट बघत बसलेली. ओरडले एकदाचे.

आवाजाचं वेगळं. रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात आणि हे दोन्ही गोल दहानंतरचे. कॉमेंट्रीचा स्पीकर आम्ही वेळेत बंद केला, पुढची मॅच मुकी. पण काय सांगू, बरंच झालं. एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा पुढं आला आणि आपला गोलकीपर एमी मार्टिनेझनं डावा पाय टाकून बॉल अडवला, तेव्हा चपला घासल्याचा आवाजसुद्धा येत होता. कॉमेंटेटर असता तर त्यानंच सगळं ओरडून टाकलं असतं. हलगी दहानंतर वाजली नाही, असं इथं लिहून ठेवतो.

पेनल्टीच्या वेळी पलीकडची पोरं कापड-बिपड सोडून आमच्याच वॉलपुढं येऊन उभी. अर्धा मिनिट उशिरा पेनल्टी कोण बघणार? फ्रान्सच्या कोमानची अडवली, चुआमेनीची बाहेर, आपल्या मोंटिएलनं शेवटची मारली, अर्जेंटिना 4-2. त्यातल्या दोघांनी गुलालही लावून घेतला.

ऑपरेटर पोरगा चांगला होता, जेवायला बोलावलं तरी जनरेटर सोडून हलला नाही. पाचपैकी चार देतो. एक मार्क त्या सहा फुटी मेस्सीपायी कापला.

2026 ला मात्र हिशेब बदलतोय. सामने अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडात, 11 जून ते 19 जुलै. फायनल आपल्याकडं 19 ची रात्र उलटून साडेबाराला, म्हणजे 20 तारखेला, तीही ऐन जुलैच्या पावसात. त्याच एलईडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, रस्त्यावर वॉल लावणार नाही, ताडपत्रीखाली तर नाहीच, हॉल बघा. हॉल घेतला की खर्च दुपटीवर जातो. पलीकडच्या गल्लीनं निम्मी वर्गणी द्यायची तयारी दाखवलीय, पण ब्राझीलच्या मॅचला पुढच्या खुर्च्या त्यांना पाहिजेत. बोलणी तिथंच अडलीत.