लेक फोर्कसाठी बास मासेमारीचा संच : रॉड, रील आणि सोळा फुटी बोट

टेक्सासच्या पूर्व भागातील लेक फोर्क हा जलाशय लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातील शिकारी माशासाठी अमेरिकेत सर्वत्र ओळखला जातो. राज्याचा आजवरचा विक्रमी बास, 18.18 पौंडांचा, 1992 च्या जानेवारीत याच पाण्यात मिळाला. धरण भरताना बुडणारी झाडे बऱ्याच ठिकाणी तोडलीच नाहीत, त्यामुळे चार दशकांनंतरही पाण्यातून वर आलेले आणि पाण्याखाली दडलेले खोडांचे रान तेथे उभे आहे. बास नेमका त्याच रानात दबा धरून बसतो. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आणि शनिवारची पहाट गरवण्यासाठी राखून ठेवणाऱ्या मराठी मंडळींना हे पाणी साधारण दीड तासाच्या अंतरावर आहे. त्यांनी कोणता संच घ्यावा आणि कोणत्या वस्तूवर किती खर्च करावा, याविषयी स्वतःच्या वापरातून बनलेले मत येथे मांडले आहे.

माझ्या मते पहिला खर्च बोटीच्या नाकावर बसणाऱ्या विजेच्या मोटरवर करावा, त्यानंतर रॉडवर, मग रीलवर आणि सर्वांत शेवटी मागच्या पेट्रोल इंजिनावर. दुकानात मात्र गाडी उलट्या दिशेने हाकली जाते. बोटीच्या एका दालनात विक्रेत्याने अर्धा तास अडीचशे अश्वशक्तीच्या इंजिनाचे गुणगान केले. नाकावर कोणती मोटर येते, असे विचारल्यावर त्याला माहितीपत्रक शोधावे लागले. लेक फोर्कवर बोटींसाठी आखून दिलेल्या वाटा सोडल्या की खोडांमुळे वेग आपोआप उतरवावा लागतो आणि दिवसातला बहुतेक वेळ ताशी दोन मैलांच्या आत, तेही वाऱ्याशी झुंजत, काढावा लागतो. तेथे अडीचशे घोडे काय करणार?

रॉडपासून सुरुवात करू. रॉडवर दोन गोष्टी छापलेल्या असतात आणि नवखा माणूस त्या एकच समजतो. ‘पॉवर’ म्हणजे रॉड वाकवण्यासाठी किती जोर लागतो ते, आणि ‘ॲक्शन’ म्हणजे तो कोठून वाकतो ते. ‘फास्ट’ रॉड टोकाच्या भागात वाकतो व खालचा भाग ताठ राहतो. ‘मॉडरेट’ रॉड जवळजवळ मध्यापर्यंत कमानीसारखा वाकतो. मऊ रबरी किडा गळात लपवून, पुढे गोळीच्या आकाराचे वजन लावून तो खोडांमधून ओढण्याची जी पद्धत टेक्सास रिग म्हणून प्रसिद्ध आहे, तिच्यासाठी गळाचे टोक रबर फाडून माशाच्या कडक जबड्यात शिरणे आवश्यक असते, आणि तो झटका मनगटापासून गळापर्यंत न विरता पोहोचवणारा रॉड फास्टच हवा. म्हणूनच एकच रॉड घ्यायचा असेल तर सात फुटी, मीडियम हेवी पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा असा घ्यावा. माझ्याकडे सेंट क्रॉय कंपनीच्या मोजो बास मालिकेतील याच मापाचा रॉड आहे. दीडशे डॉलरच्या आसपासचा हा रॉड ग्रॅफाइटचा आहे. पाव औंसाचे आमिष त्याच्यावर जरा पोरके वाटते; पण अर्ध्या ते पाऊण औंसाच्या वजनाला तो असा साथ देतो की, वजन फांदीवर चढले, क्षणभर थांबले आणि पलीकडे टपकले, हे तर्जनीला स्पष्ट कळते. फांदीची खरखर बोटाला कोरडी लागते. मासा आमिष तोंडात घेतो तेव्हा एकच ‘टक्’ असा बारीक ठोका येतो, किंवा दोरी नुसतीच जड होऊन बाजूला सरकू लागते. हा फरक पोहोचवणे हेच महागड्या रॉडचे काम, आणि त्यासाठी दीडशे डॉलर पुरेसे आहेत. चारशे डॉलरचा रॉड वजनाने हलका असतो, दिवसअखेर मनगट कमी दुखते. परंतु मिळणाऱ्या माशांच्या संख्येत त्याने फरक पडतो असे मला वाटत नाही.

क्रँकबेटसाठी, म्हणजे तीन टोकांचे छोटे गळ लटकत असलेल्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या माशासाठी, हाच ताठपणा घातक ठरतो. छोटे गळ ओठाच्या कडेला जेमतेम अडकलेले असतात आणि ताठ रॉडने हिसका दिला की ते सुटतात. येथे शेक्सपिअर कंपनीचा अग्ली स्टिक कामाला येतो. 1976 पासून बाजारात असलेल्या या नावाचा जीएक्स2 हा रॉड ग्रॅफाइट आणि काचतंतू यांच्या मिश्रणाचा आहे. तो जड आहे, त्याचे पारदर्शक टोक लवचीक आहे आणि संवेदनेच्या बाबतीत तो मोजोच्या जवळपासही येत नाही. पण साठ डॉलरच्या आत मिळतो, मुलांच्या हाती निर्धास्त देता येतो आणि गाडीच्या दारात सापडला तरी बहुधा वाचतो. रॉड माशामुळे क्वचितच मोडतात, दारामुळे आणि पंख्यामुळे मोडतात, हे ज्याच्या घरात लहान मुले आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

आता रील. बाससाठी दोन प्रकार चालतात. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकते, तिची दोरी गुंडाळलेली फिरकी आमिष टाकताना स्थिर राहते आणि दोरी वेटोळ्यांनी सुटते. हलक्या आमिषासाठी व नवशिक्यासाठी ती उत्तम. बेटकास्टर रॉडच्या वर बसते आणि आमिष हवेत जाताना तिची फिरकी स्वतः गरगर फिरते. आमिषाचा वेग हवेत, विशेषतः समोरच्या वाऱ्यात, मंदावतो. फिरकी मात्र त्याच वेगाने दोरी सोडत राहते आणि जादा दोरी फिरकीवरच उसळून तिचा असा गुंता होतो की कात्रीशिवाय गत्यंतर नसते. हा गुंता टाळण्यासाठी केंद्रोत्सारी, चुंबकीय किंवा इलेक्ट्रॉनिक ब्रेक वापरतात. रीलच्या खोक्यावर बेअरिंगची संख्या मोठ्या अक्षरात छापतात, पण गिऱ्हाइकाने पाहायचा तो ब्रेक.

शिमानोच्या एसएलएक्स डीसी (डिजिटल कंट्रोल) या रीलमध्ये तिसऱ्या प्रकारचा ब्रेक आहे. जपानमधील साकाई शहरात 1921 साली सुरू झालेली आणि सायकलीच्या सुट्या भागांमुळे आपल्याकडेही परिचित असलेली ही तीच कंपनी. या रीलला बॅटरी लागत नाही. फिरकीच्या फिरण्यातूनच वीज तयार होते आणि आतला छोटा कंप्युटर वेग मोजून क्षणाक्षणाला ब्रेक कमीजास्त करतो. टाकताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, जो काहींना आवडतो आणि शेजारच्या बोटीवरच्यांना मुळीच आवडत नाही. बाजूला 1 ते 4 असे आकडे असलेला खटका आहे: 1 वर ब्रेक सर्वांत सैल, 4 वर सर्वांत घट्ट. टेक्सासच्या वसंतातील दक्षिणेकडच्या वाऱ्यात तोंड करून टाकायचे असेल, किंवा बोटीच्या धक्क्याखाली आमिष पाण्यावरून सरपटत पाठवायचे असेल, तर 4. वारा पाठीशी असेल तर 2. अर्थात फिरकीचा ताण ठरवणारी हँडलजवळची छोटी चकती आधी बसवावीच लागते: रॉड आडवा धरून अंगठ्याखालची फिरकी मोकळी करणारी पट्टी दाबली की आमिष सावकाश खाली उतरावे आणि जमिनीला टेकताच फिरकी थांबावी, इतका तो ताण हवा. आमिष बदलले की हे पुन्हा करायचे. हे न करता ‘कंप्युटर आहे ना’ म्हणून जो निर्धास्त टाकील त्याच्या हाती गुंता येईलच, कारण डीसी गुंत्याची शक्यता कमी करते, नाहीशी करत नाही; अंगठा फिरकीवर असावाच लागतो.

एसएलएक्स डीसी 6.3, 7.2 आणि 8.2 अशा तीन गुणोत्तरांत (हँडलच्या एका फेऱ्यात फिरकी किती वेळा फिरते तो आकडा) मिळते. मी 7.2 सुचवीन, कारण हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे 30 इंच दोरी गुंडाळली जाते आणि बहुतेक आमिषांना हा वेग मानवतो. दोनशे डॉलरच्या आतबाहेर जाणारी किंमत मात्र मनाला टोचते. ज्याचा अंगठा तयार झाला आहे त्याला याच मालिकेतील साधी, बिनइलेक्ट्रॉनिक एसएलएक्स जवळजवळ निम्म्या किमतीत तेच काम देते, आणि उरलेले शंभर डॉलर नाकावरच्या मोटरकडे वळवावेत. डीसीचा खरा फायदा वर्षातून मोजकेच शनिवार मिळणाऱ्याला होतो, ज्याच्या अंगठ्याला सराव टिकवण्याइतका वेळच मिळत नाही.

दोरीबद्दल थोडक्यात. खोडांमध्ये 15 ते 17 पौंडांची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, फ्लुओरोकार्बनची दोरी घ्यावी. ती बुडते आणि घासण्याला टिकते. पाणवनस्पतींच्या गालिच्यावर पोकळ रबरी बेडूक ओढायचा असेल तर 50 पौंडांची विणलेली दोरी हवी. हाच बेडूक आणि हीच दोरी महाराष्ट्रातील तळ्यांत मरळीसाठी वापरतात, तेव्हा सुट्टीत गावी जाणाऱ्याने हा रॉड बरोबर नेण्यास हरकत नाही. मात्र तो एकसंध सात फुटांचा असल्याने विमानासाठी दोन तुकड्यांचा वेगळा घ्यावा लागेल.

बोटीकडे वळताना एक इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. 1978 मध्ये मिसूरीतील बास प्रो शॉप्सचे जॉनी मॉरिस यांनी ॲल्युमिनियमची बोट, इंजिन आणि ट्रेलर एकत्र करून एकाच किमतीत विकायला काढले. त्यापूर्वी ज्याने त्याने या गोष्टी वेगवेगळ्या गोळा करून जुळवायच्या असत. सोय मोठी झाली, पण तयार पॅकेजची किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी नाकावरची मोटर बहुधा लहान बसवली जाते, आणि तीच पुढे दुप्पट खर्चाने बदलावी लागते. म्हणून सौदा करताना तिच्याबद्दल आधी बोलावे.

हिशेब अवघड नाही. सोळा फुटी ॲल्युमिनियमची बोट साधारण 550 पौंड, चाळीस अश्वशक्तीचे इंजिन 200 च्या आसपास, दोन माणसे 350, बॅटऱ्या, पेट्रोल आणि सामान मिळून आणखी दोनशे. म्हणजे एकूण 1300 पौंड. दर शंभर पौंडांना दोन पौंड जोर या प्रचलित नियमाने 26 पौंड पुरतात, पण तो नियम स्थिर पाण्याचा आहे. मोकळ्या वाऱ्यात दुप्पट जोर धरावा, म्हणजे 12 व्होल्टवर मिळणारी 55 पौंडांची मोटर बरोबर बसते. यापुढे 80 पौंडांसाठी 24 व्होल्ट आणि 112 पौंडांसाठी 36 व्होल्ट, म्हणजे दोन किंवा तीन बॅटऱ्या लागतात, ज्यांचे वजन आणि खर्च या आकाराच्या बोटीला शोभत नाही.

मिन कोटाची पॉवरड्राइव्ह, 55 पौंड, 54 इंची दांड्याची आणि जीपीएसवर एका जागी बोट धरून ठेवणाऱ्या स्पॉट-लॉकसह, हीच माझी शिफारस. खोडापासून पंचवीस फुटांवर बोट आणून रिमोटचे बटण दाबले की मोटर स्वतः वळत-थांबत जागा राखते आणि दोन्ही हात रॉडला मोकळे राहतात. पूर्वी हे काम नांगर टाकून किंवा एका माणसाला सतत पेडलवर उभे करून करावे लागे. ती विजेवर वळते, त्यामुळे केबलने वळणाऱ्या पायपेडलच्या मोटरइतकी चपळ नाही आणि वळताना घुं-घुं असा आवाज करते. उथळ पाण्यात, खोडाखोडांतून झटपट वाट काढणाऱ्याला केबलचीच आवडेल. दांडा आखूड घेऊ नये, कारण लाटेवर नाक उचलले की पंखा हवेत फिरतो आणि खळखळाटाने मासे दूर जातात.

पूर्ण वेगात ही मोटर 50 अँपिअरपर्यंत वीज ओढते, म्हणून बॅटरीपासून नाकापर्यंत जाड, सहा गेजची तार आणि 60 अँपिअरचा ब्रेकर लावावा. दालनातून आलेल्या बोटींत ही तार कधीकधी बारीक असते; झाकण उघडून पाहावे. शिशाच्या बॅटरीची निम्मीच शक्ती वापरायची असते, तर 100 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि वजनाला निम्म्याहून कमी भरते. वजन कमी झाल्याने छोट्या बोटीचा तोलही सुधारतो. मात्र चार्जर त्याच जातीचा हवा.

मासे दाखवणाऱ्या पडद्यावर मी फार खर्च करणार नाही. सात इंची, खाली आणि बाजूला पाहणारा सोनार खोडे व जुन्या ओढ्याचे पात्र दाखवण्यास पुरेसा आहे. गार्मिनने 2018 मध्ये आणलेल्या लाइव्हस्कोपसारख्या समोर पाहणाऱ्या यंत्रणेने मासा पडद्यावर हलताना दिसतो खरा, पण तिच्या पैशांत दुसरी जुनी बोट येईल.

जिवंत मासे ठेवण्याची टाकी, जिच्यावर विक्रेते भरपूर बोलतात, तिचा लेक फोर्कवर उपयोग मर्यादित आहे. 16 इंचांहून मोठा आणि 24 इंचांहून लहान बास तेथे तत्काळ सोडून द्यावा लागतो; 24 इंच किंवा त्याहून मोठा दिवसाला एकच ठेवता येतो. त्याऐवजी वीस-पंचवीस डॉलरची ठळक आकड्यांची मोजपट्टी घ्यावी, आणि ती ओली करून मासा तिच्यावर ठेवावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा चिकट थर निघत नाही. इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी अंगाला अडकवणे 2021 च्या एप्रिलपासून अशा बोटींना संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि जलाशय सोडताना बोटीतले सर्व पाणी काढून टाकणे टेक्सासमध्ये झेब्रा शिंपल्यांचा प्रसार रोखण्यासाठी सक्तीचे आहे. म्हणून तळाचे बूच हाताला सहज लागेल अशा जागी आहे का, हेही खरेदीच्या वेळी वाकून पाहावे.

ज्यांच्या सोसायटीत ट्रेलर उभा करू देत नाहीत, त्यांनी बोटीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. लेक फोर्कवर दिवसाच्या ठराविक दराने स्वतःची बोट घेऊन येणारे वाटाडे मिळतात. त्यांच्याकडचे रॉड बहुधा दणकट आणि जड असतात, तेव्हा वर सांगितलेला सात फुटी रॉड आणि साधी एसएलएक्स एवढे आपले घेऊन जावे, आणि त्यांच्या बोटीवर नाकाची मोटर कशी वापरतात ते एक हंगामभर जवळून पाहून मगच दालनाची पायरी चढावी.